मुस्तफा, मारिओ आणि पन्नास लाख कॅसेटी

मुस्तफा हे त्या गेमचं नाव नव्हतंच. हे मला कळलं तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. शेजारच्या बंडूकाकांचं पाळण्यातलं नाव त्र्यंबक आहे हे त्यांच्या साठीशांतीच्या पत्रिकेत वाचल्यावर झालं होतं, तसंच काहीसं झालं.

एसटी स्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या गावातलं एकुलतं एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक कॉइन. आत घाम, अगरबत्ती आणि तापलेल्या वायरींचा मिळून एक वास. शाळेचं दप्तर पाठीवरून पोटावर घ्यायचं, म्हणजे मागून कुणी कंपास लांबवत नाही, आणि मशीनला चिकटायचं. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. १९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने काढलेला, मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन कॉमिकवर बेतलेला. चौघांतून एक जण निवडायचा: जॅक, हॅना, मेस किंवा मुस्तफा. चौघांत मुस्तफा चपळ. पळत येऊन हवेतून लाथ घालायचा. त्यामुळे जो तो त्यालाच पकडायचा, आणि गेमलाही त्याचंच नाव पडलं. नायक जॅक होता, पण त्याला विचारतो कोण!

मजा अशी, की या गेमची घरी खेळायची आवृत्ती त्या काळात कुठल्याच टीव्ही गेमवर आली नाही. त्यामुळे मुस्तफा म्हटलं की माझ्या वयाच्या प्रत्येकाला आधी आपापलं पार्लर आठवतं.

अशा पार्लरचा पदवीधर मी. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड माझ्या पहिल्या मोटरसायकलपेक्षा महाग आहे. मागे दिवाळीत त्याला मोठ्या कौतुकाने जुना मारिओ दाखवला, तर म्हणाला, ‘मामा, ही ठिपक्यांची रांगोळी आहे रे!’

बरोबर बोलला. पण रांगोळीचे ठिपके मोजून मिळायचे, हे त्याला कुठे माहीत?

मिशीचं कारण

मारिओला मिशी का आहे? तोंड काढायला जागा नव्हती म्हणून. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये डिझायनर शिगेरू मियामोतोंना हा माणूस मूठभर चौकोनांत बसवायचा होता. तेवढ्यात ओठ दिसेनात, तेव्हा नाकाखाली मिशी दिली. केस हलवून दाखवणं अवघड, म्हणून टोपी. हात हलतात हे कळावं म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी. तेव्हा तो प्लंबर नव्हता, सुतार होता, आणि त्याचं नाव होतं जंपमन. ‘मारिओ’ हे नाव गेम काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकाचं, मारिओ सेगाली यांचं. भाडेकरूने घरमालकाला जगप्रसिद्ध केल्याचं एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे.

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० केबीत बसतो. आठ जगं, बत्तीस टप्पे, संगीत, कासवं, आगीचे गोळे, सगळं धरून. आज त्या गेमच्या एका दृश्याचा फोटो मोबाइलवर काढलात तर तो फोटो गेमपेक्षा जड भरतो. हे जमवलं कसं, तर गृहिणी एकाच कणकेत पोळी आणि शंकरपाळी उरकते तसं. मारिओतले ढग आणि खालची झुडपं नीट बघा. आकार तोच, वर पांढरा रंग, खाली हिरवा. मी हे तीस वर्षं बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

आता भाच्याकडे या. त्याच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतल्या एका गेमने मधल्या काळात २०० जीबीची रेषा ओलांडली होती. हिशेब मी कागदावर केला: तेवढ्या जागेत मारिओच्या ५० लाख कॅसेटी मावतात. नागपुरात माणशी एक वाटूनही उरतील.

आणि मारिओचा पहिला टप्पा! सूचना नाही, बाण नाही, ‘इथे दाबा’ नाही. डावीकडे जागा नाही, म्हणजे उजवीकडे जायचं. समोरून एक रागीट तपकिरी प्राणी येतो, धडकला की मेलात, म्हणजे उडी मारायची. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून अळंबी निघते, समोरच्या पाइपवर आपटून आपल्याकडेच परत येते. घाबरून पळालात तरी बहुतेक वेळा ती अंगावर येते आणि तुम्ही मोठे होता. इंग्रजीचा गंध नसलेली आमची अख्खी आळी तो गेम शिकली ती यामुळे. भाच्याच्या नव्या गेममध्ये पहिला पाऊण तास कुणीतरी कानात सूचना देत असतं. लग्नात गुरुजी सांगतात तसं: आता पळीभर पाणी सोडा, आता अक्षता टाका.

अडचणीतून आलेली अक्कल

‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८, तोमोहिरो निशिकादो) खेळताना परग्रहवासी जसजसे कमी होतात तसे उरलेले वेगाने येतात. शेवटचा एकटा तर सुसाट. लोकांना वाटलं, काय डोकं लावलंय! प्रत्यक्षात मशीनचा प्रोसेसर दुबळा होता. ५५ जण काढता काढता त्याची दमछाक व्हायची. मेलेले काढावे लागत नसत, म्हणून उरलेले आपोआप पळायचे. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि गेम शेवटाकडे अवघड होत जायला हवा ही रीत तिथून रुजली.

माझा सर्वांत लाडका किस्सा मात्र ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा. नव्वदच्या दशकात ज्यांनी चपला बाहेर काढून, एसीत कुडकुडत कॉम्प्युटर क्लास केला, त्यांना तो राजपुत्र ठाऊक आहे. सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करायचं, म्हणजे गेम आपल्याला लबाडी करू द्यायचा. डॉसच्या बाकी आज्ञा विसरलो, ही एक पाठ आहे.

तो राजपुत्र इतका खऱ्यासारखा पळायचा, कारण तो खराच होता. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट हाताने गिरवली. तलवारबाजी आली १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. गेम आला १९८९मध्ये, अॅपल टू या कॉम्प्युटरवर. सगळी मेमरी राजपुत्राच्या हालचालींनीच खाऊन टाकली. शत्रू काढायला जागाच उरली नाही. मेकनरने काय करावं? राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर टाकली, आणि एक चमचमती सावली तयार झाली. मग गेममध्ये एक आरसा आला. राजपुत्र त्यातून उडी मारतो आणि त्याची सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पुढे ती त्याला छळते, त्याच्या वाटचं औषध पिते, आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलं तर आपणच मरतो. उपाय एकच: तलवार म्यान करायची. आमच्या क्लासमधल्या पोरांना हे शोधायला दोन महिने लागले. ज्याने शोधलं त्याला पुढे दहावीत ५२ टक्के पडले, पण त्या दिवशी तो शंकराचार्य होता.

मेमरी भरपूर असती तर तिथे एखादा लठ्ठ पहारेकरी उभा असता आणि मी आज हे लिहीत नसतो.

फुंकर

टीव्हीवर गेम येईना की कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून फूऽऽ करायची, परत खुपसायची. चालू व्हायचा. जपानपासून जालन्यापर्यंत सगळी पोरं हे आपोआप शिकली. फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे आतले पत्रे नीट जुळायचे, एवढंच. उलट थुंकीच्या ओलाव्याने ते पत्रे गंजायचे. निन्टेन्डोनेच पुढे फुंकू नका असं सांगितलं. हे भाच्याला सांगितलं तर म्हणतो, ‘म्हणजे बंद करून चालू करा, हेच ना? आमचे कस्टमर केअरवाले तेच सांगतात.’

‘९९९९ इन १’ कॅसेटीत गेम किती असायचे हेही एकदा बोलून टाकू. मोजके. मारिओ, मग हिरव्या कपड्यांतला मारिओ, मग तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा मारिओ, असं करत यादी लांबवलेली. तरी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत खाली खाली जात राहायचो, हजाराच्या पुढे एखादा नवा सापडेल या आशेने.

‘काँट्रा’त तीस लाईफ मिळवायचा मंत्र आठवतो? वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. तो मुळात काँट्राचा नव्हेच. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रॅडियस’ हा गेम घरच्या टीव्हीवर आणण्याचं काम करत होते. गेम तपासायला तो खेळावा लागतो, आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट टाकली. ती तशीच राहिली. बनवणाऱ्यालाच गेम जड गेला, हे वाचून मला लहानपणीच्या सगळ्या पराभवांबद्दल एकदम बरं वाटलं.

बाकी जुने गेम अवघड होते ते थोर होते म्हणून, ही आमच्या पिढीची थाप आहे. पार्लरच्या मशीनला तुमचा पुढचा रुपया हवा असायचा, म्हणून ते तुम्हाला मारायचं. घरचे गेम तर अवघडच ठेवावे लागत. काँट्रा न मरता खेळला तर अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. तो सोपा असता तर संध्याकाळच्या चहाच्या आत पैसे वसूल आणि कॅसेट अडगळीत.

२५५ नंतर काय?

स्कूटरचं किलोमीटरचं मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतं. जुन्या गेममध्ये आकडा ठेवायचा खण छोटा, त्यात ० ते २५५ एवढंच मावायचं. ‘पॅकमॅन’ (१९८०, तोरू इवातानी) बनवणाऱ्यांना वाटलं नव्हतं की कुणी २५६व्या टप्प्यापर्यंत जाईल. लोक गेले. तिथे उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या आणि फळांच्या कचऱ्याने भरतो आणि पुढे जाता येत नाही. जाता जाता: पॅकमॅनची चार भुतं चार स्वभावांची आहेत. लाल सरळ मागे लागतं. गुलाबी तुमच्या पुढची जागा हेरून आडवं येतं. निळ्याचा अंदाज येत नाही. केशरी जवळ येतं आणि अचानक कोपऱ्यात पळून जातं. हे चौघेही प्रत्येकाच्या ऑफिसात असतात.

‘टेट्रिस’ची गोष्ट आणखी भारी. अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४मध्ये मॉस्कोत बनवला. त्यांच्या कॉम्प्युटरवर चित्रंच येत नसत, म्हणून विटा कंसांच्या चिन्हांनी रचल्या होत्या. गेम जगभर विकला गेला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे, त्यामुळे पाजित्नोवना त्यातून पैसे मिळायला १९९६ उजाडलं. निन्टेन्डोवरच्या टेट्रिसला शेवट नव्हता, आणि २९व्या टप्प्यानंतर माणसाला तो खेळताच येत नाही असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग पोरांनी रिमोटच्या पाठीवर बोटं वाजवत खेळायची युक्ती काढली. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतला एक १३ वर्षांचा मुलगा १५७व्या टप्प्यावर पोचला आणि गेमच गोठला. माणसाने मशीनला दमवलं. खेळाडू गेमपेक्षा वीसएक वर्षांनी लहान.

आणि आता गांधीजी. १९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये भारताचे नेते गांधी. गोष्ट अशी सांगतात: त्यांचा आक्रमकपणा सगळ्यांत कमी, म्हणजे १. देशात लोकशाही आली की त्यातून २ वजा. उणे १ खणात मावेना, म्हणून तो झाला २५५, आणि गांधीजी अणुबाँब टाकत सुटले. मी स्वतः हा किस्सा किमान पन्नास जणांना रंगवून सांगितला आहे. त्या पन्नासांची माफी मागतो. गेमचे जनक सिड मायर यांनी २०२०च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं, की असं काही घडलंच नव्हतं. खरी गंमत २०१०च्या पाचव्या भागात आहे. तिथे डिझायनर जॉन शेफर यांनी गांधींची अणुबाँबची आवड दहापैकी चक्क १२ ठेवली, निव्वळ थट्टा म्हणून. मग पुढे चुकीची कथा पसरली.

गेममधला देश

पार्लरमधला आपला देशबांधव म्हणजे ‘स्ट्रीट फायटर टू’मधला (१९९१) धालसिम. योगी, गळ्यात कवट्या, हातपाय रबरासारखे लांब होणारे, तोंडातून आग. मागे हत्ती उभे. आम्हाला अपमान वाटायला हवा होता म्हणे. आम्ही त्याला ‘आपला माणूस’ म्हणून घ्यायचो आणि हरायचो.

२०१७च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’मध्ये नायिका क्लोई पश्चिम घाटात गणपतीचा दात शोधत फिरते. होयसळांची मंदिरं, धबधबे, जंगल. परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात तुटल्याची कथा ती जोडीदारणीला सांगते. खेळताना मला सारखं वाटत होतं, पुढच्या वळणावर कांदाभजीची टपरी दिसेल. दिसली नाही. २०१८च्या ‘हिटमॅन टू’मध्ये अख्खी एक मोहीम मुंबईत आहे: चाळीसारख्या इमारती, वाळत घातलेले कपडे, सिनेमाचं शूटिंग, आणि ज्यांना उडवायचं त्यांतल्या एकाचं नाव वझीर काळे. काळे! मी पहिल्यांदा त्याला सोडूनच दिलं. आमच्याकडे सोयरीक आहे.

पण परक्यांनी काढलेल्या देशापेक्षा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) खेळून बघा. रक्षाबंधनाच्या दिवशी भावाला राक्षस पळवतात आणि राजी त्याला शोधायला निघते. वरून दुर्गा आणि विष्णू बघताहेत आणि आपसांत बोलताहेत. मारामारी मला जरा ताठर वाटली, पण भिंतींवरची चित्रं बघत मी दोन रात्री घालवल्या. जगभरातल्या पदार्पणातल्या छोट्या गेमांमध्ये द गेम अॅवॉर्ड्सचं नामांकन त्याला मिळालं होतं.

भाच्याची बाजू

इतकं झाल्यावर भाच्याला बोलू द्यायला हवं. त्याचा पहिला मुद्दा तवा. पबजीत, आणि त्याच्या भारतीय अवतारात, म्हणजे बीजीएमआयमध्ये, सगळ्यांत भरवशाची वस्तू फ्रायपॅन आहे. कमरेला अडकवला की मागून आलेली गोळी अडवतो. पबजीवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली, आणखी ११७ अॅपसोबत. जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला तेव्हा रक्त हिरवं झालं होतं आणि अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास. तवा मात्र तोच. ‘चाळीस केबीत असा तवा होता का?’ नव्हता. मान्य.

त्याचा दुसरा मुद्दा ‘फार क्राय ४’ (२०१४). सुरुवातीलाच हुकूमशहा तुम्हाला जेवायला बसवतो आणि म्हणतो, इथेच थांब, मी आलोच. आपण अर्थातच पळतो आणि पुढे वीस-तीस तास रक्तपात. पण खरंच थांबलात, पंधरा मिनिटं हलला नाहीत, तर तो परत येतो, तुम्हाला नेतो, तुमचं काम करून देतो आणि गेम संपतो. पाहुण्यांकडे गेल्यावर गप बसावं, हे आई सांगायची ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं.

माझी तक्रार आहे, आणि तिची सुरुवातही सांगता येते. २००६, ‘ऑब्लिव्हियन’ नावाचा गेम, घोड्याचं चिलखत, किंमत अडीच डॉलर. गेम विकत घेतल्यावर वर घोड्याच्या अंगरख्याचे पैसे! जगभर हसले. पुष्कळांनी घेतलंही. तिथून पुढे कपडे, बंदुकीचे रंग, नाचायच्या तऱ्हा, सगळ्याची दुकानं लागली. आणि नकाशे! नव्या गेमचा नकाशा उघडला की दीडशे खुणा. हे गोळा कर, ते पोचव, त्याची सही आण. दिवसभर तलाठी कार्यालयात हेलपाटे घालून घरी आल्यावर मी परत तेच का करू?

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला (२०१८) मी सूट देतो. त्यात नायकाची दाढी दिवसागणिक वाढते आणि ती करावी लागते, घोड्याला खरारा करावा लागतो. मी मुख्य कथा अर्ध्यात सोडून घोड्याबरोबर हिंडतो. भाचा म्हणतो, ‘मामा, तू गेम खेळत नाहीस, शेती करतोस.’

जाता जाता, तो कुत्रा

‘डक हंट’मध्ये (१९८४) बंदूक टीव्हीवर रोखायची आणि बदकं पाडायची. बंदुकीतून काही निघत नव्हतं. उलट, टीव्हीतून निघणारा उजेड बंदुकीत शिरायचा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीला तो दिसला की बदक पडलं. आधी काळा पडदा कशाला? म्हणजे खोलीतल्या बल्बवर नेम धरून लबाडी करता येऊ नये. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळापत्रकावर चालायचं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र एक निमिष उशिरा येतं, तेवढ्यात बंदूक आंधळी होते.

नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर यायचा आणि तोंडावर पंजा धरून हसायचा. त्याला गोळ्या घालून बघितल्या नाहीत असा पोरगा जन्मला नसेल. घरच्या गेममध्ये त्याला काही होत नाही. पार्लरसाठी निघालेल्या ‘व्हीएस. डक हंट’मध्ये मात्र, एका जादा फेरीत, तो गोळी लागून खरंच कळवळतो.

माझ्या कपाटात बंदूक आहे, कॅसेटही आहे. टीव्ही तेवढा नाही. तुमच्या माळ्यावर चालू असलेला, पाठीला पोक आलेला जुना टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला कळवा. न्यायला मी टेम्पो घेऊन येईन, भाच्यासकट.